निरगाठ आणि सुरगाठ

मुलांनो, सकाळी शाळेची घाई, आणि नेमकी तेव्हाच पायजम्याच्या नाडीला निरगाठ बसली, असं तुमचं कधी झालंय का? झालं असेलच! मग आई नखानं ती गाठ सोडवत बसते आणि म्हणते, "अरे, सुरगाठ मारायला कधी शिकणार तू?"

अशाच एका निरगाठीनं मलाही एकदा चांगलंच अडचणीत आणलं. मी प्राथमिक शाळेत बाई आहे, मुलांना रोज शहाणपण शिकवते. पण ही गाठ मात्र मला महागात पडली. आणि तीही कुठं? तर थेट अमेरिकेतल्या एका जंगलात, एका घोड्यासमोर!

माझी मोठी ताई अमेरिकेत इंडियाना राज्यात ब्लूमिंग्टन नावाच्या गावी राहते. दाजी तिथल्या विद्यापीठात काम करतात. २०२३ सालच्या मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेले होते. माझा भाचा दहा वर्षांचा. मी पोचल्या पोचल्या तो म्हणाला, "मावशी, तुला घोडे आवडतात का? आपण घोडे घेऊन जंगलात राहायला जाणार आहोत!"

मला वाटलं, पोरगं थापा मारतंय. माथेरानला घोड्यावर बसून फिरायचं, हे मला ठाऊक होतं. पण घोडा सोबत घेऊन जंगलात मुक्काम? तो तर शिवाजी महाराजांच्या काळात मावळ्यांनी करायचा!

पण खरंच तसं होतं, बरं का. ताईच्या ओळखीच्या एक आजी होत्या. वय सत्तरीच्या जवळ. अंगात निळी विजार, पायात लांब बूट, कमरेला चामड्याच्या म्यानात छोटा चाकू. त्यांच्याकडे दोन घोडे. एक तपकिरी रंगाचा बिस्किट आणि दुसरी पांढऱ्या पायांची डेझी. दरवर्षी उन्हाळ्यात त्या घोडे घेऊन जंगलात मुक्कामाला जात. यंदा त्यांनी आम्हालाही बोलावलं होतं.

माझ्या परतीच्या आठवडाभर आधी, जूनच्या सुरुवातीला, आम्ही निघालो. पुढं आजींची गाडी आणि तिला मागं जोडलेला घोड्यांचा ट्रेलर. ट्रेलर म्हणजे चाकांवरचा छोटा तबेलाच! दोन्ही घोडे आत शेजारी शेजारी उभे. मागच्या गाडीत ताई, भाचा आणि मी. गावाच्या दक्षिणेला मन्रो नावाचा प्रचंड मोठा तलाव लागतो. धरण बांधून तयार केलेला. त्याच्यावरून जाणारा रस्ता ओलांडला की जंगल सुरू. त्या जंगलाचं नाव 'हूझियर नॅशनल फॉरेस्ट'. इंडियानाच्या लोकांना अमेरिकेत लाडानं 'हूझियर' म्हणतात, तेच नाव या जंगलाला दिलंय.

तुम्ही म्हणाल, नॅशनल फॉरेस्ट म्हणजे आपल्या ताडोबासारखं राष्ट्रीय उद्यान का? तसं नाही. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानं वेगळी आणि राष्ट्रीय वनं वेगळी. ही वनं सांभाळायला तिथं १९०५ साली एक वनखातं सुरू झालं. अशी १५४ वनं त्या खात्याकडे आहेत. त्यात लाकूडही मिळतं, काही ठिकाणी गुरंही चरतात, नद्यांचं पाणी राखलं जातं, आणि लोकांना तंबू ठोकून राहताही येतं. काही मुक्कामाच्या जागा तर मुद्दाम घोडेवाल्यांसाठीच असतात. आम्ही उतरलो ती जागा त्यातलीच. तिचं नाव ब्लॅकवेल. मोठं गवताळ मैदान, भोवती ओक, हिकरी, मेपल अशी उंच उंच झाडं. तिथं आधीच चार-पाच कुटुंबं उतरली होती. कुणी घोड्याला खरारा करत होतं, कुणी चंदी देत होतं. जिकडंतिकडं फुरफुरणं आणि खिंकाळणं! मला तर एखाद्या जुन्या छावणीत आल्यासारखं वाटलं.

तंबू ठोकण्याआधी आजींनी आम्हाला घोड्यांपाशी उभं केलं. म्हणाल्या, "आधी यांची कामं. मग आपली."

घोडा दिवसाला वीस ते चाळीस लिटर पाणी पितो, मुलांनो! म्हणजे आपल्या घरातल्या दोन-तीन कळशा. उन्हाळ्यात याहूनही जास्त. म्हणून आजींनी पाण्याची पिंपं भरून आणली होती. गवताचे भारे आणले होते. घोड्याचं आणखी एक आहे. त्याला उलटी करता येत नाही. भलतंसलतं खाल्लं की पोटात दुखून तो मरणाच्या दारी जाऊ शकतो. म्हणून "लाडानं कुणी काही भरवायचं नाही," अशी सक्त ताकीद मिळाली. मी खिशातला गुळाचा खडा गुपचूप पुन्हा पिशवीत टाकला!

मग त्यांनी घोड्याशी वागायची रीत सांगितली. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. फक्त नाकासमोरचं अगदी जवळचं आणि थेट शेपटीमागचं दिसत नाही. म्हणून मागून जायचं नाही. गेलो तर तो दचकतो आणि लाथ झाडतो. बाजूनं, बोलत बोलत जायचं. त्याचे कान बघायचे. कान जिकडं, त्याचं लक्ष तिकडं. कान मागं चिकटले, की महाराज रागावले!

शेवटी आजींनी गाठ शिकवली. ट्रेलरच्या बाजूला लोखंडी कड्या होत्या. त्यात दोरी ओवून घोडा कसा बांधायचा, ते त्या दाखवू लागल्या. भाचा मन लावून बघत होता. मी मात्र म्हटलं, "ताई, त्यांना सांग, मी शेतकऱ्याची मुलगी आहे. साताऱ्याकडं आमच्या दावणीला चार-चार जनावरं होती. दावं बांधायला मला कुणी शिकवायला नको!"

ताईनं ते इंग्रजीत सांगितलं की नाही, कोण जाणे. आजी नुसत्या हसल्या. आणि मी तंबूकडे निघून गेले. मुलांनो, हे वाक्य नीट लक्षात ठेवा. पुढं कामाला येणार आहे.

दुपारी आम्ही रपेटीला निघालो. बिस्किटवर आजी, डेझीवर भाचा. त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण, म्हणजे हेल्मेट. ताई आणि मी पायी. मध्ये अर्धा तास आजींनी मलाही बिस्किटवर बसवलं. वरून जमीन किती खाली दिसते म्हणून सांगू! पहिली पाच मिनिटं मी खोगीर दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते. पण बिस्किट मोठा गुणी. आपल्यावर कोण नवखं बसलंय, ते त्याला कळलं असावं. एकेक पाऊल जपून टाकत होता.

त्या वाटेवर ना मोटार, ना मोटरसायकल, ना साधी सायकल. कारण ब्लॅकवेलच्या पुढं सुमारे १३ हजार एकरांचा भाग 'विल्डरनेस' म्हणून राखलेला आहे. विल्डरनेस म्हणजे अगदी निसर्गावर सोडलेलं रान. अमेरिकेत १९६४ साली तसा कायदाच झाला. अशा रानात चाकाचं वाहन न्यायचं नाही, यंत्राची करवत चालवायची नाही. माणसानं यावं, आपल्या पायांनी नाही तर घोड्याच्या पायांनी. हे रान १९८२ साली राखलं गेलं आणि त्याला चार्ल्स डीम यांचं नाव दिलं गेलं. डीम हे इंडियानाचे पहिले वनाधिकारी आणि वनस्पतींचे मोठे जाणकार होते.

चालता चालता आजींनी घोडा थांबवला आणि म्हणाल्या, "हे जंगल किती जुनं असेल, सांगा बरं?"

भाचा म्हणाला, "हजार वर्षं!" मी म्हटलं, "पाचशे तरी."

आजी हसल्या. "माझी आई लहान होती, तेव्हा इथं शेतं होती."

मला खरंच वाटेना. पण खरी गोष्ट तशीच आहे. पूर्वी लोकांनी या टेकड्यांवरची झाडं तोडली आणि शेती केली. उतारावरची जमीन. झाडं गेली, तशी पावसाबरोबर मातीही वाहून गेली. चर पडले, पीक येईना. लोक कर्जबाजारी झाले आणि गाव सोडून गेले. १९३५ सालापासून सरकारनं अशा ओसाड जमिनी विकत घ्यायला सुरुवात केली. माती धरून ठेवायला तरुण पोरांच्या तुकड्यांनी पाइनची रोपं लावली. हळूहळू बाकीची झाडं आपली आपण परत आली. आज तिथं कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही, की इथं कधी नांगर चालला होता. फक्त कुठं जुन्या घराच्या पायाचे दगड दिसतात, कुठं झाडांत लपलेली लहानशी दफनभूमी.

आमच्या माण तालुक्यातले बोडके डोंगर माझ्या डोळ्यांसमोर आले. माती गेली की काय होतं, ते आम्हाला शिकवावं लागत नाही. पण गेलेलं रान परत येऊ शकतं, हे मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

वाटेत दोन ओळखीच्या गोष्टीही भेटल्या. एक गोचीड! आपल्या गुरांच्या अंगावर असतात ना, तसलीच. तिथं रानातून आलं की माणसांनीही अंग तपासायचं. आणि दुसरी, आपल्या खाजकुयलीची आठवण करून देणारी एक वेल, पॉयझन आयव्ही. तीन-तीन पानांचा झुबका दिसला की हात लावायचा नाही. लावला, तर कातडीवर फोड येतात.

संध्याकाळी मुक्कामावर परतलो. खोगिरं उतरवली. भाच्यानं डेझीला कडीला बांधलं. आजींनी दाखवलं होतं तसंच, आखूड दोरीनं. बिस्किटची दोरी माझ्या हातात होती. मला त्याची दया आली. बिचारा दिवसभर मला वाहून दमला, जरा मान खाली घालून चरू दे. म्हणून मी दोरी चांगली लांब सोडली आणि आमच्याकडं बैलाला बांधतात तशी घट्ट गाठ मारली. वर आणखी एक गाठ! म्हटलं, आता सुटायचा नाही.

आम्ही शेगडीवर पिठलं टाकलं. आजींनी मक्याची कणसं भाजायला घेतली. एवढ्यात धाडकन आवाज झाला!

वळून बघते, तर बिस्किट ट्रेलरला धडका मारतोय. चरता चरता त्याचा पुढचा पाय लांब दोरीच्या पलीकडं गेला होता. त्यानं मान वर केली, तशी दोरी पायात आवळली. घोडा भित्रा प्राणी. अडकलो असं वाटलं, की जीव तोडून मागं ओढतो. बिस्किटचे डोळे पांढरे झाले होते. तो मागं ओढत होता आणि माझी गाठ आणखी आणखी आवळत होती. मी धावले आणि गाठीला हात घातला. निरगाठ! नखं मोडली, पण पदर हलेना.

"मागं हो!" आजी ओरडल्या नाहीत, पण तो आवाज असा होता की मी जागच्या जागी थांबले. त्या बाजूनं, हळू आवाजात बोलत बिस्किटजवळ गेल्या. एका हातानं त्याच्या मानेवर थोपटलं, दुसऱ्या हातानं कमरेचा चाकू काढला आणि कडीपाशी दोरी एका झटक्यात कापली.

बिस्किट दोन पावलं मागं गेला आणि थरथरत उभा राहिला. त्याच्या पायाची कातडी सोलली होती. रक्त आलं होतं. आजींनी पायावर हात फिरवून हाड तपासलं, गार पाणी ओतलं, त्याला थोडं चालवून पाहिलं. लंगडत नव्हता. मग त्यांनी कापलेल्या दोरीचा तुकडा उचलला. त्यावर माझी ती दुहेरी गाठ तशीच होती.

"ही गाठ कुणी मारली?" त्यांनी विचारलं. आणि त्यांची नजर गेली भाच्याकडं. दिवसभर दोऱ्या त्याच्याच हातात होत्या ना!

भाच्यानं माझ्याकडं पाहिलं. तो काहीच बोलला नाही.

मुलांनो, खरं सांगते. मीही एक क्षण गप्प राहिले. एकच क्षण, पण राहिले. मी शाळेतली बाई! वर्गात काही मोडलं-फुटलं की कमरेवर हात ठेवून विचारते, "कुणी केलं? खरं बोला." आणि पोरं खाली माना घालून बसली की मला राग येतो. त्या क्षणी त्या पोरांच्या पोटात काय होत असेल, ते मला कळलं. लाज वाटत होती आणि भीतीही. आणि समोर दहा वर्षांचं पोर माझा आळ आपल्यावर घेऊन उभं होतं.

"मी," मी म्हटलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, "मी बांधलं. सकाळी तुम्ही शिकवत होता, तेव्हा मी बघितलं नाही."

आजी रागावल्या नाहीत. त्यांनी दुसरी दोरी आणली आणि माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "दोरी घोड्याला नको असते, आपल्याला हवी असते. म्हणून ती पटकन सोडता यायला हवी. ती जबाबदारी आपली. चल, शीक."

कंदिलाच्या उजेडात त्यांनी माझ्याकडून वीस वेळा गाठ मारून घेतली. भाचा शेजारी बसून मोजत होता. माझी चूक झाली की म्हणायचा, "बाई, पुन्हा!"

ती गाठ म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, आपली सुरगाठच! तुम्हीही करून बघा. सुतळी घ्या आणि खुर्चीचा पाय म्हणजे कडी समजा. सुतळीचं मोकळं टोक पायाभोवतून आपल्याकडे आणा. आता हा मोकळा पदर दुसऱ्या, म्हणजे घोड्याकडच्या पदराभोवती एकदा गुंडाळा, म्हणजे एक वेढा तयार होईल. त्या वेढ्यातून टोक पूर्ण ओढून घ्यायचं नाही. मोकळा पदर दुमडून नुसता त्याचा फासा आत घालायचा. मग घोड्याकडचा पदर ओढून गाठ आवळायची. घोड्यानं ओढलं तर गाठ घट्ट होते. आपण मोकळं टोक ओढलं की क्षणात सुटते! आणि दोरी किती ठेवायची? घोड्याच्या डोळ्याइतकी उंच, आपल्या हाताइतकी लांब. त्याहून जास्त नाही.

रात्री आजींनी दोन झाडांच्या मध्ये, डोक्यापेक्षा उंच दोरी ताणली आणि घोडे तिला बांधले. पण झाडांभोवती आधी रुंद पट्टे गुंडाळले. का? तर दोरीनं झाडाची साल कापली जाऊ नये म्हणून! तिथले आणखी काही नियम ऐका. जळण घरून आणायचं नाही. कारण लाकडातून किडे येतात. अशाच एका हिरव्या भुंग्यानं अमेरिकेतली ॲश जातीची कोट्यवधी झाडं मारली आहेत. २००४ साली तो इंडियानातही सापडला. जेवणाच्या वस्तू गाडीत बंद करून ठेवायच्या, नाही तर रात्री रॅकून नावाचे मुखवटा घातल्यासारखे दिसणारे चोर येतात.

अंधार पडला आणि मैदानावर काजवे लुकलुकू लागले. भंडारदऱ्याला पावसाळ्याच्या तोंडावर दिसतात ना, तसेच. रानातून एक पक्षी सारखा ओरडत होता, "व्हिप-पुअर-विल, व्हिप-पुअर-विल!" त्याचं नावही तेच आहे. मला झोप येईना. मध्यरात्री उठून बिस्किटला बघायला गेले. तो उभ्या उभ्या पेंगत होता. घोड्याच्या पायांची रचनाच अशी असते, की गुडघे जणू कडी लावून अडकवता येतात, म्हणून तो उभ्यानं झोपतो. फक्त गाढ झोपेसाठी थोडा वेळ आडवा होतो. मी बाजूनं, बोलत बोलत गेले. मराठीतच बोलले. त्यानं एक कान माझ्याकडं वळवला. मागं चिकटवला नाही. मला केवढं बरं वाटलं!

सकाळी त्याच्या जखमेवर मलम लावलं. सूज नव्हती. त्या दिवशी मात्र त्याला सुट्टी. निघण्याआधी आम्ही सगळ्यांनी मिळून लीद गोळा केली, खुरांनी उकरलेले खड्डे बुजवले, शेकोटीवर पाणी ओतून राख हातानं चाचपून थंड झाल्याची खात्री केली. आजी म्हणाल्या, "आपण इथं होतो, हे कुणाला कळता कामा नये."

मग सगळे हिकरी रिजच्या मनोऱ्यावर गेलो. घोड्यांपाशी खाली ताई थांबली. ११० फूट उंच पोलादी मनोरा. १९३६ साली बांधलेला. तेव्हा वर एक माणूस बसून कुठं वणवा लागलाय का, ते बघायचा. धापा टाकत आम्ही वर पोचलो. चहूकडं हिरवंगार रान, क्षितिजापर्यंत. आणि हे सगळं एकेकाळी माती वाहून गेलेलं शेत होतं!

निघताना मी आजींना नवी दोरी घेऊन द्यायचं म्हटलं. त्यांनी ती घेतली, पण कापलेला तुकडा मला दिला. गाठीसकट.

तो तुकडा आता आमच्या वर्गात खिळ्याला टांगलेला आहे. शाळा उघडली त्या दिवशी मी मुलांना ही सगळी गोष्ट सांगितली. गप्प राहिले होते, त्या क्षणासकट. एक मुलगा म्हणाला, "बाई, म्हणजे तुम्हीपण?" मी म्हटलं, "हो रे, मीपण." नंतर सगळ्यांनी सुतळी घेऊन सुरगाठ शिकून घेतली. आता वर्गात काही मोडलं, की मी कमरेवर हात ठेवत नाही. शांतपणे विचारते आणि थोडी थांबते. बहुतेक वेळा कुणीतरी उठून म्हणतं, "मी, बाई."

तर मुलांनो, ती सुतळी आणि खुर्ची विसरू नका. तुमची गाठ एका झटक्यात सुटली, तर समजा बिस्किटनं तुमच्याकडंही एक कान वळवला!